कादंबरीतली बाई आणि वॉर्डातल्या आम्ही

माझा डावा स्तन ऑपरेशनमध्ये काढून टाकला, त्याला आता आठ वर्षं होत आली. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढं आडवळणं घ्यावी लागणार नाहीत. तेव्हा मी तीस वर्षांची होते.

माझं नाव नसीम. यवतच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. माझे मालक सलीम हायवेला मोटारी भरायचं दुकान चालवतात. शेतातली विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती घेऊन त्यांच्याकडे येतात, ते तिच्यात नवी तांब्याची तार भरून देतात. आमची चार पिढ्यांची वस्ती याच तालुक्यातली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण शाळा मराठी झाली, वाचलं ते मराठीत, आणि घाबरले तेव्हा मनातल्या मनात जे बोलले तेही मराठीतच. म्हणून घरातलं बोलणंसुद्धा इथं मराठीतच लिहिते.

ज्या बाईच्या हातात नुकताच तपासणीचा कागद पडलाय, तिच्यासाठी हे आहे. औषधांची नावं तिला डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

शब्दकोश

गाठ अंघोळ करताना हाताला लागली. हरभऱ्याएवढी, टणक, दुखत अजिबात नव्हती. दुखत नाही म्हणून मी दोन महिने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मग एका दुपारी पुस्तकांची थप्पी छातीशी धरून शिडीवरून उतरत होते, तेव्हा ती टोचली. त्या दिवशी सलीमना सांगितलं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात सुई घालून तपासणी झाली. आठवड्यानं रिपोर्ट आणायला ते एकटेच गेले. संध्याकाळी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "साधी गाठ आहे. काढून टाकू म्हणतात."

"साधी आहे तर काढायची कशाला?"

"राहिली तर त्रास देईल," असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले. एरवी दुकानातून आले की आधी आमच्या सहा वर्षांच्या सनाला उचलून घ्यायचे. त्या दिवशी ते तिच्या शेजारून गेले आणि त्यांना ती दिसलीच नाही.

सकाळी त्यांचा शर्ट भिजवायला घेतला तर खिशात रिपोर्टचं पाकीट. कागद इंग्रजीत. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. त्यातला एक लांबलचक शब्द मी वहीच्या कोपऱ्यात अक्षर अक्षर उतरवून घेतला, पाकीट होतं तिथं ठेवलं आणि वाचनालयात गेले.

संदर्भग्रंथांच्या कपाटात जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. 'बाहेर नेण्यास मनाई' असा शिक्का मीच त्यावर मारलेला. उभ्या उभ्याच पान काढलं. कार्सिनोमा. पुढं एकच शब्द: कर्करोग.

शब्दकोश मिटून मी जागेवर ठेवला. तेवढ्यात हायस्कूलच्या दोन मुली निबंधाचं पुस्तक मागायला आल्या. ते दिलं. मग पेन्शनर मंडळी पेपर वाचायला आली. त्या दिवशी अकरा जणांना पुस्तकं दिली, अकराही नोंदी माझ्या अक्षरात आहेत आणि एकही चुकलेली नाही. पुढं कित्येकदा मी नोंदवहीतलं ते पान काढून बघितलं. मला त्या पानाचा अभिमान वाटतो, तो अजून गेलेला नाही.

घरी आल्यावर सलीमना म्हणाले, "मला कळलंय. आता हे ओझं तुम्ही एकट्यानं वागवू नका."

ते पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले. मी तेव्हा रडले नाही. माझी रडायची वेळ आठ दिवसांनी आली, स्टोव्हला पिन मारताना, काहीच कारण नसताना.

पोटाचं ऑपरेशन

माझ्या नणंदेचं, शमीमचं, लग्न ठरलं होतं. सासर शिरूरचं. मुलगा चांगला, कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात फिटर. बोलणी झाली होती, तारीख काढायची बाकी होती.

सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जे करायचं ते करा. पण हा शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. कुणी विचारलं तर पोटाचं ऑपरेशन सांगायचं."

"अम्मा, पोटाचं कशाला?"

"पोटाचं सगळ्यांनाच असतं. ते ऐकून कुणी सोयरीक मोडत नाही."

मला राग आला, पण त्या चुकीचं बोलत होत्या असंही म्हणता येईना. आमच्याकडं त्या काळी लोक 'कॅन्सर' असं म्हणतसुद्धा नसत. 'तो रोग' म्हणत आणि आवाज खाली आणत. तो एकाचा दुसऱ्याला लागतो, घराण्यात असतो, त्या घरात मुलगी देऊ नये आणि त्या घरातली आणूही नये, असं सगळं एका दमात बोललं जाई.

म्हणून मी पोटाचं ऑपरेशन करून घ्यायला पुण्याला गेले. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा, मोठे बागायतदार, सोसायटीच्या राजकारणातले मुरलेले गडी. रजेचा अर्ज बघून म्हणाले, "पोटाला येवढी रजा? आतडं बदलून घेताय का काय, बाई?"

मी हसले. खोटं बोलल्याची टोचणी ऑपरेशनच्या भीतीपेक्षा जास्त होती, हे आज कुणाला पटणार नाही.

भिंतीवरची रेघ

शुद्धीवर आले तेव्हा छातीवर घट्ट पट्टी होती आणि बगलेतून एक नळी बाहेर येऊन बाटलीत गेलेली होती. ती बाटली कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि तशीच फिरायची. वॉर्डात आम्ही पाचसहा जणी अशा पिशव्या घालून हिंडायचो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाया बाजाराला निघाल्यात.

सकाळी सहाला चहा, मग झाडूवाल्या मावशी, दहाला डॉक्टरांचा राउंड. आमच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, कडक, पण पट्टी सोडताना आधी आपले हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या. त्या गरम हातांचे मी आजही उपकार मानते.

तिसऱ्या दिवसापासून व्यायाम. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताची बोटं हळूहळू भिंतीवर चढवत न्यायची. जिथवर पोचतील तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. पहिल्या दिवशी माझी रेघ खांद्याच्याही खाली होती.

शेजारच्या खाटेवर कौसाबाई होत्या, मांडवगण फराट्याच्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, ऊसतोडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं केलेल्या. माझा व्यायाम बघून म्हणाल्या, "आगं, पाल तरी बरी चढती तुझ्यापरीस."

"तुम्ही चढून दाखवा."

"मला सांगितलंच न्हाई त्यांनी भिंतीवर चढाया. माझं काय कापलंच न्हाई अजून." अंगावरची चादर ओढून घेत त्या म्हणाल्या, "कापण्यापल्याड गेलं म्हणत्यात."

समोरच्या खाटेवर वर्षा होती, दौंडची. चोवीस वर्षांची, वडील रेल्वेत. तिचं ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी झालं होतं. ती कुणाशी बोलत नसे. तिचा साखरपुडा झालेला होता आणि दवाखान्यात आल्यापासून त्या घरचं कुणी फिरकलं नव्हतं, हे मला तिच्या आईकडून कळलं.

तीन कादंबऱ्या

सलीमनी विचारलं, घरून काय आणू. मी म्हणाले, वाचनालयातून तीन पुस्तकं आणा. त्यांची नावं सांगितली आणि कपाट नंबर सांगितला.

त्या तिन्ही कादंबऱ्यांत एका तरुण बाईला स्तनाचा कॅन्सर होतो. वर्षानुवर्षं मी त्या देत आले होते. आमच्या गावातल्या बायका त्या रडत रडत वाचायच्या आणि परत करताना "लई छान हाय" म्हणायच्या. मीही रडले होते. आता मला ती पुस्तकं निराळ्या कारणासाठी हवी होती. पुढं काय होतं ते कुणीतरी मला सांगावं असं वाटत होतं.

कौसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचती? मोठ्यानं वाच की."

मी पहिली कादंबरी काढली. नायिका गाणं शिकणारी, नाजूक, लांब केसांची. तिला गाठ होते. ती कुणालाच सांगत नाही. प्रियकराला दुःख नको म्हणून त्याला तोडून बोलते आणि शेवटी मोगऱ्याच्या वासात, खिडकीपाशी, पांढऱ्या साडीत प्राण सोडते.

नायिका पांढऱ्या साडीत खिडकीपाशी बसली, तेव्हा कौसाबाईंनी मला थांबवलं. "हिची बाटली कुठं हाय?"

"कसली बाटली?"

"आगं, तुमच्या समद्यांच्या गळ्यात हाय ती. हिला नळी न्हाई का लावली? साडी कशी नेसली हिनं, हात तरी वर हुतो का?"

पलीकडची बाई हसायला लागली. तिचे टाके ओढले गेले तरी ती हसत राहिली. दुसऱ्या पुस्तकातली बाई तर औषध चालू असताना टांग्यातून डोंगर बघायला जाते. "ओकारी न्हाई हिला?" असा प्रश्न आला. कुणी म्हणालं, हिला घरी सासू नसणार. कुणी म्हणालं, हिच्या लेकराची शाळा कोण बघतं ते लिहिलंय का बघ. रोज दुपारी जेवणाची ताटं गेली की वाचन सुरू व्हायचं. सिस्टरसुद्धा दाराशी थांबायच्या.

वाचनाच्या चौथ्या दिवशी समोरच्या खाटेवरून पहिल्यांदा आवाज आला. वर्षानं विचारलं, "ताई, तिन्ही पुस्तकांत मरते का?"

मला खोटं बोलता आलं नाही. "दोघी मरतात. तिसरी कुणाला न सांगता गाव सोडून जाते."

वर्षानं मान फिरवली. कौसाबाई मात्र उठून बसल्या. "आन् ज्या जगल्या त्या बाया कुठं गेल्या? त्या डॉक्टरीणबाई सांगत्यात की, धा-धा वर्षं झाली, येऊन पेढे देत्यात म्हणून. त्येंच्यावर कुणी ल्हित न्हाई व्हय?"

"नाही लिहिलं अजून."

"मंग तू काय करती तिथं वाचनालयात? नुसती पुस्तकं झाडती?"

सगळ्या हसल्या. वर्षाही हसली.

त्याच दुपारी कौसाबाईंनी आपली हकिगत सांगितली. त्यांची गाठ दीड वर्षाची होती. "कुणाला दाखवायची? सुनंला सांगायची लाज. म्हाताऱ्याला सांगावं तर त्यो गावभर करंल. हळद लावली, लेप लावला. वाटलं, जाईल." त्यांच्या आवाजात रड नव्हती. "येकीला जरी बोलले आस्ते ना, तरी तुझ्यावानी भिंतीवर चढले आस्ते."

साफ काम

घरी आल्यावर ड्रेसिंग करायचं काम सलीमवर आलं. नर्सनं त्यांना शिकवलं होतं. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून बसले. लग्नाला नऊ वर्षं झालेली, तरी मला त्यांची नजर बघायची नव्हती. ते पट्टी सोडत होते आणि काही बोलत नव्हते.

"बोला ना काहीतरी," मी म्हणाले.

"टाके बघतोय," ते म्हणाले. "सगळे एकसारखे आहेत. साफ काम केलंय बाईंनी."

दिवसभर तांब्याची तार एकसारखी गुंडाळणारा माणूस. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नव्हती. मी डोळे उघडले आणि आरशात पहिल्यांदा स्वतःकडे बघितलं. आडवी, तिरकी, तांबूस रेघ. खरंच साफ होती.

सगळंच असं गोड झालं नाही. सहा वेळा सलाइनमधून औषध घ्यायचं होतं, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. ते लाल रंगाचं होतं आणि नंतर लघवीसुद्धा लाल व्हायची. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी न्हाणीघरात किंचाळले होते. म्हणून मी तुम्हाला सांगून ठेवते: लाल होते, दोन दिवसांत जाते, घाबरू नका. तोंडाची चव जाते, पाण्यालासुद्धा लोखंडाचा वास येतो. मला तेव्हा फक्त थंड ताक आणि भाजलेला पापड चालायचा.

केस सतराव्या दिवशी गेले. उशीवर, ताटात, सनाच्या फ्रॉकवर. सना म्हणाली, "मम्मी, तू अब्बूसारखी दिसतेस." सलीमना टक्कल पडायला लागलं होतं, ते तिला बरोबर दिसलं.

तिच्या वेण्या सलीम घालायला शिकले. एक वेणी नेहमी वर, एक खाली. शाळेच्या बाईंनी हसून विचारलं तर सनानं ऐटीत सांगितलं, "आमच्या अब्बूंनी घातल्यात."

अम्मांचं आणि माझं मात्र खटकायचं. पाहुणे आले की त्या मला आतल्या खोलीत जायला सांगायच्या. एकदा शिरूरची माणसं आली तेव्हा मी दीड तास धान्याच्या कोठीशेजारी बसून होते, डोक्याला रुमाल बांधून, ओकारी दाबत. बाहेर अम्मा सांगत होत्या, पोटाचं ऑपरेशन झालंय, माहेरी गेलीय. पाहुणे गेल्यावर मी म्हणाले, "मी मेले असते तर काय सांगितलं असतंत? माहेरीच राहिली म्हणून?"

थोड्या वेळानं अम्मांनी ताकाचा पेला माझ्यासमोर ठेवला. त्या वाईट नव्हत्या. त्या एका मुलीच्या आई होत्या.

शिरूरची एसटी

चौथ्या औषधाला गेले तेव्हा दवाखान्याच्या ओट्यावर कौसाबाईंची सून भेटली. उरलेल्या गोळ्या परत द्यायला आली होती. "आत्या गेल्या," ती म्हणाली. "जाताना म्हणाल्या, सगळ्या सुनांना न् लेकींना सांग, लाजू नका म्हणावं." मग हळूच तिनं मला विचारलं, "ताई, गाठ हाय का न्हाई हे कसं बघायचं असतं?"

त्या ओट्यावर, ओढणीच्या आडोशाला, मी तिला दाखवलं. तिथंच मी ठरवलं.

घरी येऊन आधी शमीमला विचारलं. लग्न तिचं होतं. ती तेव्हा एकवीस वर्षांची, शिवणक्लासला जाणारी, फार न बोलणारी. मी म्हणाले, "मला तुझ्या सासरी खरं सांगायचंय. मोडलं तर तुझं मोडेल. तू नको म्हण, मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

तिनं शिलाई मशीन थांबवलं. "भाभी, हे ऐकून मोडणारी माणसं असतील, तर उद्या मला काही झाल्यावर त्या घरात माझं काय होईल?" आणि पुन्हा मशीन चालू केलं. एवढंच बोलली. मला वाटतं, आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यात शहाणं वाक्य तीच बोलली.

अम्मा त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण आम्ही निघालो तेव्हा त्यांनी अडवलंही नाही.

चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरची एसटी. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती. सलीम खिडकीतून बाहेर बघत होते. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि ती पुनःपुन्हा विसरत होते.

मुलाच्या आई जमीला खाला, भारदस्त बाई, घराचा कारभार त्यांच्या हातात. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "खाला, माझं पोटाचं ऑपरेशन झालेलं नाही. मला स्तनाचा कॅन्सर होता. काढलाय. औषध चालू आहे. आमच्याकडून तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, त्याची माफी मागायला आलेय. शमीमचा यात काही दोष नाही. तिला काही झालेलं नाही. आता तुम्ही ठरवा."

घरातली पुरुष माणसं जमिनीकडे बघत बसली. मुलाचे वडील उठून अंगणात गेले. जमीला खाला माझ्या रुमालाकडे बघत होत्या. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "जरा आत ये."

मला वाटलं, चारचौघांत अपमान नको म्हणून आत नेतायत. स्वयंपाकघरात त्यांनी दार लावलं. पाठमोऱ्या उभ्या राहूनच विचारलं, "तुझी केवढी होती?"

"काय?"

"गाठ. केवढी होती तुझी?"

"हरभऱ्याएवढी."

त्या वळल्या. एवढी भारदस्त बाई, चेहरा पार उतरलेला. "माझी त्याहून मोठी आहे. रमजानच्या आधीपासून आहे. कुणाला बोलले नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांना पुण्याला मी घेऊन गेले. माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे. सगळा रस्ता त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांची गाठ साधी निघाली. खरोखरची साधी, रिपोर्ट मी स्वतः वाचला, आता मला ते शब्द येत होते. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी दुवा मागितली आणि मग म्हणाल्या, "तारीख काढा. आणि लग्नात तू पुढं उभी राहायचंस. कोठीत बसायचं नाही." म्हणजे त्यांना ते कळलं होतं. कसं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

लग्नात माझे केस इंचभर आले होते. नव्यानं आले ते कुरळे. अम्मांच्या माहेरच्या बायकांत कुजबुज चालू होती, तेव्हा अम्मा माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही माझी सून. कॅन्सर झाला होता हिला. आता बघा, सकाळपासून शंभर माणसांचं हिनं बघितलंय."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी आवाज खाली आणला नाही.

वही

औषधं संपली, मग रोज दवाखान्यात जाऊन लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायची ती संपली, आणि रोजची एक गोळी तेवढी राहिली. मी कामावर परत गेले. आप्पांनी स्वतः दार उघडून ठेवलं होतं. त्यांना सगळं कळलेलं. घसा खाकरून म्हणाले, "मला काय बोलावं कळंना, बाई. पर तुमच्या जागी दुसरं माणूस म्या ठेवलं न्हाई. लोक म्हनत हुते ठेवा. म्हनलं, न्हाई."

काही आठवड्यांनी मी दोनशे पानी वही घेतली आणि लिहायला बसले. दुपारी वाचनालयात कुणी नसतं तेव्हा. लेखिका व्हायची हौस नव्हती. ज्या बाया जगल्या त्या पुस्तकात कुठंच नव्हत्या, तेवढी जागा भरायची होती. माझ्या कादंबरीतल्या मुलीला मी वर्षाचं वय दिलं, कौसाबाईंची जीभ दिली आणि माझी भीती दिली. तिच्या गळ्यात बाटली आहे. तिला ओकारी होते. ती भिंतीवर रेघ मारते. तिचा साखरपुडा मोडतो आणि ती पोहे परतता परतता रडते, कारण पोहे करावेच लागतात. आणि शेवटच्या पानावर ती कामावर जाते. लोकांना ते फारसं नाट्यमय वाटणार नाही, मला माहीत होतं. पण गाठ लागल्यापासून त्या पानावर पोचायला मला स्वतःला जवळजवळ वर्ष लागलं होतं.

वर्षाला वही दाखवली. ती आता दौंडच्या एका ऑफिसात टायपिंग करत होती. तिनं लाल पेनानं शुद्धलेखन सुधारलं आणि समासात एका ठिकाणी लिहिलं, "ताई, ती इथं एवढी शहाणी नको. इथं मी लई भांडले होते." मी तो भाग बदलला. मग तिनंच सगळं टाईप केलं, झेरॉक्स काढल्या, आप्पांनी पुठ्ठ्यात बांधून घेतल्या आणि मी त्यांवर वाचनालयाचा शिक्का मारून दाखल क्रमांक टाकले. आपण लिहिलेल्या पुस्तकाला आपल्याच हातानं नंबर द्यायचा! मी इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं. तरी हसू दाबता आलं नाही.

पंधरा दिवसांनी आप्पा आले. "तुमचं पुस्तक आमच्या घरी चार दिस झालं. पहिल्यांदा मंडळींनी वाचलं, मग दोन्ही सुनांनी. आन् काल तिघी मिळून आमच्याकडनं जीप मागून पुण्याला तपासाया गेल्या. आता बोला."

"काय निघालं?"

"काय न्हाई. तिघी बी नीट हायत. आईस्क्रीम खाऊन आल्या."

फळा

गेल्या हिवाळ्यात कोरेगाव भीमाहून एक मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, पॅकिंगच्या कारखान्यात लाईनवर काम करणारी. माहेर यवतचं. आईकडे आली असताना तिनं पुस्तक वाचलं होतं. सकाळची वेळ, पेपर वाचणारे बसलेले. ती टेबलाशी येऊन मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "पुस्तकात हाय तसंच हाय मला. दुखत न्हाई. मी अजून कुणाला सांगितलं न्हाई. तुम्हीच पयल्या."

"कधीपासून?"

"म्हैना झाला असंल."

मी घड्याळ बघितलं. पुण्याची गाडी वीस मिनिटांनी होती. पेपर वाचणाऱ्यांना म्हणाले, मंडळी, आज लवकर बंद करतेय. आमच्या दाराशेजारी एक फळा आहे, त्यावर मी नवीन पुस्तकांची नावं लिहिते. ती पुसली. खडू हातात घेतला आणि क्षणभर थांबले.

ती मुलगी मागून म्हणाली, "ताई, माझं नाव ल्हिऊ नका. बाकी ल्हिवा."

मी लिहिलं: 'ग्रंथपाल एका वाचक भगिनीसोबत स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीला पुण्याला गेल्या आहेत. वाचनालय आज बंद.' मोठ्या अक्षरात. भर बाजाररस्त्यावर, एसटी स्टँडच्या तोंडावर. सात-आठ वर्षांपूर्वी हे अक्षर माझ्या हातून उमटलं नसतं.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस मला पुण्याला जावं लागलं. तपासणी, रिपोर्ट, तिच्या नवऱ्याला समजावणं. तो घाबरलेला होता, पण पळणारा नव्हता. डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहून त्यानं एकेक गोष्ट विचारून घेतली. रिपोर्टमध्ये तोच लांबलचक शब्द होता. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हणाले, "रड. मग आपण चहा घेऊ. मग पुढचं ठरवू." आम्ही त्याच क्रमानं केलं.

आठवड्यानं वाचनालयात परत आले. मला वाटलं होतं, फळा कुणीतरी पुसला असेल. शाळेच्या वाटेवरचा फळा, पोरं चित्रं काढतात. पण माझी अक्षरं जशीच्या तशी होती. खाली दुसऱ्या कुणाच्या तरी वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'काय निघालं, बाई?' आणि त्याच्याखाली तिसरं अक्षर, वाकडंतिकडं: 'पेशंट कशी हाय?'

मी किल्ली ओठात धरली, खडू शोधला आणि लिहिलं: 'कॅन्सरच निघाला. लवकर सापडला. ऑपरेशन गुरुवारी आहे. हिंमतीची आहे.'

मग कुलूप उघडलं.